जिन्याखालची मोरी

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला. भूखंड, नोंदणी, पहिली कमिटी, लिफ्टचं भांडण, हे सगळं सेक्रेटरींच्या अहवालात आलंच आहे. म्हणून मी आपल्या इमारतीतल्या सगळ्यात लहान खोलीबद्दल लिहितो. हॉलशेजारची, जिन्याखालची, साडेचार बाय सहा फुटांची. तरुण मंडळी आता तिला ‘पावडर रूम’ म्हणतात. आमच्या लेखी ती अजून मोरीच.

हे पावडर रूम नाव कुठून आलं ते नातीने मला शोधून दिलं. अठराव्या शतकात इंग्लंडमधले श्रीमंत लोक केसांच्या टोपावर पावडर मारत. ती सगळ्या घरभर उडू नये म्हणून त्यासाठी वेगळी कोठी असे. १७९५ साली तिथल्या सरकारने पावडरीवर कर बसवला आणि ही फॅशन मागे पडत गेली. नाव मात्र उरलं आणि पाहुण्यांच्या हात-तोंड धुण्याच्या खोलीला चिकटलं. आपल्याकडे पाहुणा आला की अंगणात तांब्या आणि पायावर पाणी, एवढ्यात काम भागत होतं.

आपल्या मोरीचा जन्म काही पाहुण्यांसाठी झाला नव्हता. बांधकाम चालू असताना गवंडी आणि बिगारी मंडळींसाठी बिल्डरने तिथे संडास काढला होता. ताबा मिळाला तेव्हा तो पाडायचा राहून गेला. खाली शहाबादी फरशी, भिंतीला दोन फुटांपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स, वर चुना. वॉचमन वापरायचा, लग्नाच्या बोलणीला आलेली माणसंही तिथेच जायची. दाराला कडी आतून होती, बाहेरून नव्हती.

शहाबादी फरशीचं सोलापूरकराला कौतुक नाही, कारण ती कायम पायाखाली असते. आपला इथला दगड काळा, लाव्ह्याचा. भुईकोट किल्ला बघा, जुन्या वाड्यांची जोती बघा. तो घडवायला छिन्नी झिजते. पण रेल्वेने गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या पुढे गेलं की जमीन बदलते. शहाबाद, वाडी भागात चुनखडीचा निळसर-करडा दगड थरावर थर बसलेला असतो, आणि छिन्नी लावली की सपाट सुटतो. त्याच पट्ट्यातल्या चुनखडीचं सिमेंटही होतं. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली, पुढची लाइन दहा-अकरा वर्षांत झाली. मग हा दगड आपल्या न्हाणीघरात, ओट्यावर, चाळीच्या व्हरांड्यात सगळीकडे पोचला. उन्हाळ्यात त्याच्यावर उघड्या पाठीने झोपलेल्यांना त्याची किंमत माहीत आहे.

तो दगड आपण स्वतःच खराब केला. डाग निघेनात म्हणून कमिटीने (तेव्हा खजिनदार मीच होतो) दर आठवड्याला ॲसिड टाकायला लावलं. दोन-तीन वर्षांत फरशी खरबरीत झाली, खड्ड्यात पाणी साचू लागलं, वास हटेना. मिस्त्री आला, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘काका, हा चुन्याचा दगड हाय की. ह्याच्यावर लिंबू पिळलं तरी जळतंय, तुम्ही ॲसिड ओतलाव.’ संगमरवराचंही तेच. हे नव्या फ्लॅटवाल्यांनी लक्षात ठेवावं, कारण बाथरूमला इटालियन मार्बल लावून ॲसिडची बाटली आणणारे मी पाहिले आहेत.

रौप्यमहोत्सवासाठी खोली नवी करायची ठरली तेव्हा आराखडा ए विंगमधल्या एका सुनेने काढला. तिने पहिल्यांदा पाणी विचारलं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी, बाकी बोअरचं, आणि बोअरचं पाणी जड. काळ्या ग्रॅनाइटवर त्याचे पांढरे ओघळ लगेच दिसतात, म्हणून ग्रॅनाइट रद्द. भिंतीला फिक्या मातकट रंगाच्या टाइल्स, त्यासुद्धा मोठ्या, म्हणजे सांधे कमी आणि काळे पडायला जागा कमी. खाली मॅट टाइल, पाय घसरू नये म्हणून. जुन्या शहाबादी फरशीतले चांगले तुकडे घासून, त्यावर सीलर मारून आरशामागच्या भिंतीला आणि उंबऱ्याला लावले. कडप्पा हवा म्हणणारेही होते. असो.

खरं भांडण टाइलवर झालंच नाही. ते झालं कुलपावरून. एवढा खर्च केलाय तर खोली फक्त पाहुण्यांसाठी ठेवावी, चावी कमिटीकडे असावी, असा ठराव आला. बऱ्याच माना डोलल्या. माझीही डोलली असती. पण मी गिरणीच्या चाळीत वाढलो. सकाळी हातात डबा धरून रांगेत उभं राहिलो, आणि आई अंधार असतानाच उठायची ती कशासाठी हे फार उशिरा कळलं. त्याच सभेत बी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, ‘आपल्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बायका सात ते एक कुठे जातात?’ कोणाकडेच उत्तर नव्हतं. चार घरांत काम करणाऱ्या मावशी चारही घरांतले संडास घासतात, पण त्यांतला एकही वापरत नाहीत. आम्ही कोणी त्यांना वापरू नका म्हटलं नव्हतं, वापरा असंही म्हटलं नव्हतं. जिन्याखालची मोरी होती तोवर त्यांचं भागत होतं. दुरुस्तीच्या दोन महिन्यांत त्या पाणीच पीत नव्हत्या, हे नंतर समजलं.

ठराव नऊ मतांनी पडला. बाहेरून कुलूप नाही. सफाईचं वेळापत्रक आणि साबण कमिटीकडे, आत कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि पिशवी अडकवायला खुंटी.

खोली उघडली त्या दिवशी मावशी चपला बाहेर काढून आत गेल्या. बाहेर आल्यावर उंबऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हा आमच्याकडचा दगड की, शहाबादचा. माझा बाप खाणीवर होता.’ मग वापरलेली बादली त्यांनी नळाखाली परत भरून ठेवली.

ॲसिडची बाटली आता वॉचमनच्या केबिनमध्येही ठेवत नाही.