सावंतवाडीचे चितारी

गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांत प्रत्येक अवताराचीं बारा पानें: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, एकंदर १२०. पानाला चिंचोक्याची खळ द्यावी, अवतार कुंचल्यानें रेखावा, लाखेनें तकाकी आणावी, हें सावंतवाडीच्या चितारी घराण्यांचें काम. छापील, स्वस्त पत्त्यांपुढें तें मागें पडलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोजकेच जाणकार उरले. वृद्ध पुंडलिक चितारी त्यांपैकीं एक. तेव्हां शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले हीं उभयतां त्यांच्यापुढें शिष्य होऊन बसलीं, आणि पुढें राजवाड्यांतच नवे कारागीर तयार होऊं लागले. संग्रहालयांत जुना संच पाहावयास मिळेल. पण खळ किती दाट असावी, हें चितारीच सांगूं जाणे.