जॅक काईल: रग्बीची बारा वर्षं, मग चिंगोलाची चौतीस



२१ मार्च २००९, कार्डिफ. आयर्लंडने वेल्सला १७-१५ हरवलं आणि ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे त्या सीझनच्या स्पर्धेतल्या सगळ्या मॅचेस जिंकल्या. स्टेडियममध्ये ८३ वर्षांचे एक रिटायर्ड सर्जन बसले होते. आयर्लंडचा त्याआधीचा एकमेव ग्रँड स्लॅम १९४८चा, आणि त्या टीमचे फ्लाय-हाफ हेच: जॅक काईल.

फ्लाय-हाफ म्हणजे टीमचा मेंदू. बॉल हातात आला की पास द्यायचा, किक मारायची की स्वतः पळायचं, हे तिथल्या तिथे ठरवणारा. काईल बेलफास्टचे, तेव्हा क्वीन्स युनिव्हर्सिटीत मेडिकलला होते.

आता गंमत बघा. बेलफास्ट ब्रिटनच्या ताब्यातल्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, आणि टीमचे कॅप्टन कार्ल मलन डब्लिनचे, म्हणजे सीमेपलीकडचे. तेही डॉक्टरच! १९४९मध्ये दक्षिणेकडचं आयर्लंड प्रजासत्ताक झालं, ब्रिटनशी उरलंसुरलं नातंही तुटलं. रग्बीची टीम मात्र एकच राहिली, आजही एकच आहे. मला तर ग्रँड स्लॅमपेक्षा हेच भारी वाटतं.

१९५०मध्ये काईल लायन्सबरोबर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला गेले. लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांची मिळून निवडलेली टीम. प्रवास बोटीचा, दौरा कित्येक महिन्यांचा आणि मानधन शून्य! रग्बी युनियनमध्ये १९९५पर्यंत पैसे घेऊन खेळायलाच बंदी होती. त्यामुळे १९४७ ते १९५८ या काळात आयर्लंडसाठी ४६ मॅचेस खेळूनही पोट भरायला डॉक्टरकीच.

पण पोटच भरायचं होतं तर बेलफास्टमध्ये काय कमी होतं? एवढं नाव, दवाखान्याबाहेर रांग लागली असती. ते आधी इंडोनेशियात सुमात्राला गेले आणि १९६६मध्ये झांबियात, चिंगोला नावाच्या तांब्याच्या खाणींच्या गावात. देश स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झालेली, तिथले स्वतःचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काईल तिथे सर्जन म्हणून राहिले ते थेट २०००पर्यंत. मधल्या काळात एड्सची साथ आली, तेव्हाही ते तिथेच होते.

२०१४मध्ये, ८८व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या मुलीने, जस्टिनने, वडिलांबरोबरच्या गप्पांचं पुस्तक काढलं. मिळालं तर नक्की वाचा.