उतरन

मराठीत उतरण म्हणजे उतार. उर्दूत उतरन म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा. धड्यात हा शब्द आला की वर्गातल्या मुली हसतात आणि एखाददुसरी खाली मान घालते. मामेबहिणीचा ईदचा जोडा, आई जिथे भांडी घासते त्या घरचा फ्रॉक, हे सारे कपडे आमच्या मोहल्ल्यात वापरात असतात. फक्त त्यांचे नाव कोणी घेत नाही. अमरावतीत 1935 साली जन्मलेल्या वाजेदा तबस्सुम यांनी हाच शब्द कथेचे नाव म्हणून वापरला. नवाबजादीचे उतरलेले कपडे घालत वाढलेली दाईची मुलगी शेवटी सूड कसा उगवते, हे ज्यांनी वाचले ते विसरले नसतील. मीरा नायर यांनी 1996 सालच्या आपल्या चित्रपटात त्याच कथेचा आधार घेतला.

पण वापरलेल्या कपड्याला नेहमीच लाज चिकटलेली नव्हती. एके काळी त्यात मान होता. 'खिलत' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ अंगावरून काढणे. (आपल्या वाचकांना परिचित असलेला 'खुला' हा शब्दही त्याच धातूचा.) बादशहाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र काढून द्यावे, ही खिलतीची मूळ कल्पना. पुढे मोगल काळात खिलती नव्याने शिवून तयार ठेवल्या जाऊ लागल्या, तरी बादशहाने प्रत्यक्ष वापरलेल्या 'मलबूस-ए-खास'ची प्रतिष्ठा वेगळीच राहिली. सर-ओ-पा या फारसी शब्दाचा मराठीत 'शिरपाव' झाला. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलती मिळाल्या आणि शिवाजी महाराजांना डावलले गेले. मग देऊ केलेली खिलत त्यांनी नाकारली. कपडा कोण देतो आणि तो कसा देतो, यावर त्याची किंमत ठरते, हे तेव्हाही सर्वांना कळत होते.

विक्रीचा इतिहासही जुना आहे. कैरोच्या गेनिझात सापडलेल्या कागदपत्रांत अकराव्या-बाराव्या शतकातल्या नवऱ्यामुलींच्या सामानाच्या याद्या आहेत आणि त्यांत एकेका वस्त्राची किंमत दिनारांत लावलेली आहे. कपडा म्हणजे ठेव होती. अडचणीच्या वेळी ती गहाण पडे किंवा विकली जाई. असा बाजार असला की फसवणूक आलीच. म्हणून बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबासाठी लिहिलेल्या जुन्या ग्रंथांत रफूगरांवर बंधन घातलेले दिसते: धुणाऱ्याने आणलेले भारी वस्त्र, मालक समोर नसताना, रफू करून देऊ नये. नाहीतर धुणाऱ्याने फाडलेले मालकाला कधी कळायचेच नाही. फिकहमध्ये तर 'खियार-ए-ऐब' आहेच. मालात दडवलेला दोष निघाला तर तो परत करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. जुन्या कपड्यांच्या धंद्याला याहून कामाचा नियम मला तरी माहीत नाही.

रफूगर म्हटले की नजीबाबाद आठवले पाहिजे. पानिपतामुळे मराठी माणसाच्या मनात कायमचा खलनायक होऊन बसलेल्या नजीबखान रोहिल्याने हे गाव वसवले. तिथल्या मुसलमान रफूगरांचा पिढीजात धंदा म्हणजे काश्मिरी शालींची दुरुस्ती. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपची मागणी आटली आणि काश्मीरचा शालउद्योग कोसळला. नवी कानी शाल दुर्मिळ होत गेली तशी जुनीची किंमत वाढली. हे लोक गावोगाव फिरतात, जुन्या शाली विकत घेतात, भोक भरतात, एका फाटक्या शालीचा काठ दुसरीला जोडतात आणि विकतात. रफू जितका उत्तम, तितका तो दिसत नाही. साहजिकच करणाराही दिसत नाही. वस्त्रकलावंत प्रिया रवीश मेहरा यांनी या कारागिरांकडे लोकांचे लक्ष वेधले. शहरातल्या दुकानात आज ज्याला 'व्हिंटेज' म्हणतात, त्याची मशागत अशा हातांनी केलेली असते.

आपल्याकडच्या दारावर मात्र आली ती बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडे. मुंबईत या बायका मुख्यतः गुजराती बोलणाऱ्या वाघरी समाजाच्या. दोन पँटी आणि एक साडी, बदल्यात एक पातेले. मग घासाघीस, मग आणखी एक शर्ट. घरमालकिणीला वाटते आपण जिंकलो. खरा हिशेब पुढे असतो. धड कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून रस्त्यावरच्या बाजारात जातात, फाटके सुती यंत्रे पुसायला, आणि खऱ्या जरीची साडी जाळून त्यातली चांदी काढली जाते. दिल्लीत रघुवीर नगरला हा बाजार पहाट होण्याआधीच भरतो. पुण्यात शाहीर अमर शेख चौकाजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला. 1896 नंतरच्या प्लेगात रोग्यांचे कपडे सरकारने जाळले आणि जुन्या कपड्याला रोगाची भीतीही चिकटली. तरी गाठोडी फिरायची थांबली नाहीत. आता काही मुली मोबाईलवर फोटो टाकून लग्नातले एकदाच घातलेले शरारे विकतात. त्यांच्यापैकी जी डाग कुठे आहे ते आधीच सांगते, तिच्याकडे गिऱ्हाईक परत येते.

ज्याला कोणीच घालू शकत नाही त्या कपड्याचाही धंदा आहे. इंग्लंडमधल्या बॅटली गावात 1813 साली बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. त्या सुताला शॉडी म्हणतात. तो उद्योग पुढे पानिपतात रुजला, होय, त्याच पानिपतात. परदेशी जुने कपडे आपल्याकडे घालण्याजोगे आणायचे तर परवाना लागतो. चिंध्या म्हणून आणायचे तर ते आधी कापून निकामी करावे लागतात. मग कोटांची बटणे काढायची, अस्तर उसवायचे, रंगांप्रमाणे ढीग लावायचे. हे काम बायकांचे. त्या सुताची स्वस्त घोंगडी भूकंप-पुरात वाटली गेली. अलीकडे पॉलिस्टरच्या कांबळ्यांनी तिथेही जागा घेतली आहे.

मेघना गुप्ता यांच्या 2012 सालच्या 'अनरॅव्हल' या लघुपटात या बायका दिसतात. इतके चांगले कपडे गोरे लोक टाकतात कशाला, यावर त्यांची चर्चा चालते. निष्कर्ष असा निघतो की तिकडे पाणी फार महाग असावे, धुणे परवडत नसणार.