सुई की गोळी? गरोदरपणातल्या मधुमेहाच्या औषधांचा इतिहास

मागच्या वर्षी माझ्या भाचीला सातव्या महिन्यात साखर निघाली. दोन आठवडे पथ्य केलं, चालणं केलं, तरी साखर उतरेना. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि घरात चर्चा सुरू झाली. खाला म्हणाली, "एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही." शेजारीण म्हणाली, "माझ्या सुनेचं तर नुसत्या गोळीवर भागलं." कुणीतरी हळूच विचारलं, "इन्सुलिन डुकरापासून करतात ना?" भाची मला म्हणाली, "मामू, मला गोळी का नाही दिली?"

तिचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधायला डॉक्टरांना शंभर वर्षं लागली आहेत.

इन्सुलिन येण्याआधी मधुमेह असलेल्या बाईचं गरोदर राहणं म्हणजे जिवाशी खेळ होता. १८८२ मध्ये लंडनचे डॉक्टर मॅथ्यूज डंकन यांनी अशा बायकांच्या नोंदी गोळा केल्या. त्यात कितीतरी आया आणि मुलं दगावली होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्यानंतर आया वाचू लागल्या, मुलं मात्र तेवढ्या प्रमाणात वाचत नव्हती. बोस्टनच्या डॉक्टर प्रिसिला व्हाइट यांनी आपलं आयुष्य या एका प्रश्नाला दिलं. आजार किती वर्षांचा आहे, रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम झाला आहे का, हे पाहून १९४९ मध्ये त्यांनी गरोदर बायकांचे गट पाडले. साखर जितकी काटेकोर सांभाळली जाईल तितकं मूल सुरक्षित, हे हळूहळू सगळ्यांना पटलं.

आता डुकराच्या शंकेबद्दल. ती खोटी नव्हती. त्या काळी इन्सुलिन गाय-बैल आणि डुकरं यांच्या स्वादुपिंडातून काढत. मुस्लिम घरांना हा प्रश्न पडणं साहजिक होतं, आणि दुसरा इलाज नसेल तर जीव वाचवण्यासाठी मुभा आहे असं उलेमांनी सांगितलं. पण १९७८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेतलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आज दवाखान्यात सहसा याच पद्धतीचं इन्सुलिन मिळतं. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला सरळ विचारावं, पण त्या शंकेपायी सुई टाळू नये.

गोळ्यांची गोष्ट १९५० च्या दशकात सुरू होते. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या तेव्हा आल्या. त्या गरोदर बायकांनाही दिल्या गेल्या, आणि काही बाळांची साखर जन्मानंतर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली. कारण ही औषधं वार ओलांडून बाळापर्यंत पोचत होती. इन्सुलिनचा रेणू मोठा असतो, तो वार जवळजवळ ओलांडतच नाही. सुई आणि गोळी यांच्यातला खरा फरक हा आहे.

मेटफॉर्मिनची वाट वेगळी. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहावरचा तिचा उपयोग मांडला. केपटाऊनमध्ये जॅक्सन आणि कूटझी यांनी सत्तरच्या दशकात ती गरोदर बायकांना देऊन पाहिली. बाकी जग मात्र सुईवरच राहिलं.

२००० मध्ये टेक्सासच्या ओडेड लँगर यांनी ४०४ बायकांवर ग्लायब्युराइड गोळी आणि इन्सुलिन यांची तुलना केली. दोन्हींचे निकाल सारखेच आले आणि नाळेच्या रक्तात गोळीचा अंश सापडला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. २०११ पर्यंत अमेरिकेत औषध लागणाऱ्या निम्म्याहून जास्त विमाधारक बायका याच गोळीवर होत्या. पण तोवर तपासण्या जास्त बारीक झाल्या होत्या आणि त्यांत नाळेच्या रक्तात ही गोळी सापडली. पुढे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं की इन्सुलिनच्या तुलनेत या गोळीने बाळं जास्त वजनाची होतात आणि त्यांची साखर जास्त वेळा उतरते. आधी 'सापडलं नाही' म्हणजे 'नाही' असं समजलं गेलं होतं.

२००८ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ७५१ बायकांवर मेटफॉर्मिनची तुलना झाली. बाळांच्या त्रासाचं एकूण प्रमाण वाढलं नाही. पण मेटफॉर्मिन घेणाऱ्या ४६ टक्के बायकांना पुढे इन्सुलिनही जोडावं लागलं. पुन्हा वेळ आली तर हाच उपचार घ्याल का, या प्रश्नाला मेटफॉर्मिनच्या गटातल्या ७७ टक्के बायका हो म्हणाल्या. सुईच्या गटातल्या फक्त २७ टक्के. बायकांची ही पसंती हलकी समजू नये. मात्र मेटफॉर्मिनही वार ओलांडते. त्या मुलांपैकी काहींची सात ते नऊ वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा एका शहरातली मुलं थोडी जाड निघाली, दुसऱ्या शहरात फरक दिसला नाही. म्हणून ब्रिटन पथ्यानंतर मेटफॉर्मिन आधी देतं, अमेरिकेतले तज्ज्ञ इन्सुलिनला पहिला मान देतात, आणि आपल्या सरकारी मार्गदर्शनात दोन्हींना जागा आहे.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. म्हटलं, "शेजारणीच्या सुनेची साखर वेगळी, तुझी वेगळी. गोळी चालेल का हे डॉक्टरांना जरूर विचार, तो तुझा हक्क आहे. पण घरच्यांचं ऐकून सुई बंद करू नकोस." तिने विचारलं. तिची उपाशीपोटीची साखर बरीच चढलेली होती, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनच ठेवलं.

बाळंतपण नीट झालं आणि त्याच दिवशी सुई बंद झाली. गरोदरपणात आलेल्या मधुमेहात बहुतेकींचं असंच होतं. खाला अजून म्हणते की हा अपवाद आहे. सहा आठवड्यांनी मात्र मी स्वतः भाचीला साखर तपासायला घेऊन गेलो. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, आणि बाळाच्या कौतुकात आईची ही तपासणीच बहुतेक घरांत राहून जाते.