शिंगवाला पेटीमासा

शिंगवाला पेटीमासा (शास्त्रीय नाव : लॅक्टोरिया कॉर्न्युटा) हा उष्ण कटिबंधातील समुद्रात आढळणारा अस्थिमत्स्य आहे. त्याचा समावेश ऑस्ट्रासिडी कुलात होतो. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. फुगा मासा, साळमासा व सूर्यमासा हे त्याचे दूरचे आप्त असून ते सर्व टेट्राओडॉन्टिफॉर्मिस गणात मोडतात. मराठीत ‘शिंगाळा’ म्हणून ओळखले जाणारे मिशाळ मासे वेगळ्या गणातील आहेत.

शरीररचना

या माशाच्या डोळ्यांच्या वर पुढे रोखलेली दोन शिंगे असतात व शेपटीखाली मागे वळलेली आणखी दोन असतात. षट्कोनी अस्थिपट्ट एकमेकांना जोडले जाऊन शरीराभोवती पेटीसारखे कठीण कवच तयार होते. तोंड, डोळे, कल्ले, पर व शेपटी एवढेच भाग या कवचाबाहेर हालचाल करू शकतात. श्रोणिपर नसतात. अंग वाकवता येत नसल्याने मासा पर वल्ह्यांसारखे हलवून सावकाश पोहतो. त्याची लांबी सुमारे ४६ सेंमी. पर्यंत वाढते.

प्रसार व आहार

तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेपासून हिंदी महासागरातून मध्य पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत ही जाती पसरली आहे. प्रौढ मासे बहुधा एकेकटे राहतात. पिल्ले नदीमुखांजवळील मचूळ पाण्यातही आढळतात. तोंडाने पाण्याचा झोत सोडून मासा तळाची वाळू उडवतो आणि उघडे पडलेले लहान अपृष्ठवंशी प्राणी खातो.

संबंधित जाती

पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पिल्ले ज्याची ओळख आहे, तो पिवळा पेटीमासा (ऑस्ट्रॅशियन क्युबिकम) याच कुलातील आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनीने २००५ मध्ये पेटीमाशाच्या आकारावरून ‘बायोनिक’ ही प्रायोगिक मोटार सादर केली. मात्र हा आकार पाण्याचा विरोध विशेष कमी करत नाही, तो माशाला चटकन वळण्यास मदत करतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

विष

भेदरल्यास किंवा जखमी झाल्यास पेटीमासे त्वचेतून विषारी स्राव सोडतात. हवाई बेटांवरील पेटीमाशापासून १९६० च्या दशकात वेगळ्या केलेल्या अशा विषाला पाहुटॉक्सिन म्हणतात. फुगा माशाच्या टेट्रोडोटॉक्सिनपेक्षा ते भिन्न आहे. ते साबणासारखे पाण्यात पसरते आणि रक्तातील तांबड्या पेशी फोडते. खुल्या समुद्रात ते विरून जाते. परंतु बंद टाकीत त्यामुळे इतर मासे व प्रसंगी तो मासा स्वतःही मरू शकतो. जपानमध्ये पेटीमासे खाल्ल्याने माणसांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

मत्स्यालयातील संगोपन

सातारा व सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तेथील कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांचे पाणी गोडे असल्याने हा मासा तेथे नैसर्गिकरीत्या आढळत नाही. अशा ठिकाणी तो पाळायचा झाल्यास शुद्ध केलेल्या पाण्यात कृत्रिम समुद्रक्षार मिसळावे लागतात. पाण्याचे तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. उन्हाळ्यात ते वाढू न देणे आणि वीज गेल्यास हवा व पाण्याचे अभिसरण चालू ठेवणे आवश्यक ठरते. बाजारात मिळणारे पिल्लू नखाएवढे किंवा बोटभर असले, तरी पुढे त्यास शेकडो लिटरची टाकी लागते.

हा मासा हळू खाणारा असल्याने चपळ व आक्रमक माशांसोबत त्याची उपासमार होते. त्याला जाळीने पकडणे किंवा काचेवर टकटक करणे टाळतात. विष सोडल्याचा संशय आल्यास उरलेले मासे लगेच दुसऱ्या टाकीत हलवून बरेचसे पाणी बदलतात व सक्रिय कोळसा वापरतात. बंदिस्त स्थितीत प्रजनन अवघड असल्यामुळे विक्रीचे मासे मुख्यतः समुद्रातून पकडलेले असतात. त्यामुळे नवशिक्या पाळकांसाठी ही जाती योग्य मानली जात नाही. नको झालेला मासा नदीत किंवा तलावात सोडल्यास तो गोड्या पाण्यात जगत नाही.