इंग्रजी भाषाशिक्षकांचे तंत्रज्ञान-प्रशिक्षण

इंग्रजी शिकवताना मोबाइल, ध्वनिमुद्रण, प्रोजेक्टर, संगणक व आंतरजालावरील साधने केव्हा आणि कशासाठी वापरावीत, हे छात्राध्यापकांना सेवेत येण्यापूर्वी शिकवणारे प्रशिक्षण. भारतात ते मुख्यतः बी.एड. व डी.एल.एड. अभ्यासक्रमांतून दिले जाते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले, शालेय आंतरवासिता २० आठवड्यांची झाली आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाला अभ्यासक्रमात स्वतंत्र जागा मिळाली. ही जागा आवश्यक होती, पण पुरेशी नाही. तंत्रज्ञान वेगळा विषय म्हणून शिकवले की ते त्या विषयाच्या प्रात्यक्षिक वहीतच राहण्याचा धोका असतो. इंग्रजीच्या पाठ टाचणात आणि सराव पाठात ते उतरले, तरच भावी शिक्षकाच्या हाती येते.

या मताला सैद्धांतिक आधार आहे. विषयाचे ज्ञान आणि तो शिकवण्याचे ज्ञान यांची सांगड हेच शिक्षकाचे खास ज्ञान, असे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोह्लर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड देऊन तिन्हींचा एकत्र विचार केला. भाषा प्रयोगशाळेचा इतिहासही हेच सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यास हेडफोन लावून वाक्ये घोकण्याची ही सोय अनेक देशांत पसरली. पुढे संवादावर भर देणारी अध्यापनदृष्टी आली, तेव्हा केवळ घोकंपट्टीची यंत्रे मागे पडली. साधन टिकते ते त्यामागच्या भाषाविचाराच्या बळावर.

विषयाशी जोडलेला वापर कसा असतो, हे उच्चाराच्या पाठात दिसते. इंग्रजीत ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांचे आरंभीचे ध्वनी वेगळे आहेत. मराठी भाषक विद्यार्थी बहुधा दोन्हींसाठी एकच ‘व’ वापरतो. छात्राध्यापकाने मोबाइलवर त्याचा उच्चार मुद्रित करून नमुन्याशेजारी ऐकवला, की फरक विद्यार्थ्याच्याच कानाला कळतो. मग वरचे दात खालच्या ओठाला कधी टेकवायचे आणि ओठांचा चंबू कधी करायचा, हे शिक्षकाने दाखवायचे. मुद्रण कसे करावे हे कोणालाही पाच मिनिटांत येते. कोणता ध्वनी निवडावा, चूक कशी दाखवावी आणि कोणालाही न लाजवता सुधारावी कशी, याला प्रशिक्षण लागते. म्हणूनच ‘आजच्या तरुणांना हे सारे येतेच’ हा आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वीज, जोडणी व उपकरणे नसलेल्या शाळांत या प्रशिक्षणाचा उपयोग काय? महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे हा प्रश्न वाडीवस्तीवरच्या शाळांचाही आहे. परंतु त्यातून निघतो तो प्रशिक्षण साध्या साधनांवर उभे करण्याचा धडा. आधी उतरवून ठेवलेली ध्वनिफीत, एक मोबाइल, लहानसा स्पीकर आणि वीज गेल्यास फळ्यावर चालणारा पर्यायी पाठ, एवढ्याची तयारी प्रत्येक छात्राध्यापकाकडून करून घेता येते. तंत्रज्ञानामुळे शिक्षक दुय्यम ठरेल ही भीतीही अशा पाठात उरत नाही, कारण प्रत्येक निर्णय त्याचाच असतो. त्यामुळे सराव पाठाच्या मूल्यमापनात ‘साधन वापरले का’ एवढेच न पाहता, त्यामुळे विद्यार्थी अधिक बोलले, ऐकले, वाचले वा लिहिले का, हे पाहायला हवे; शिक्षक-प्रशिक्षकांनी स्वतःचे तासही याच कसोटीवर घ्यायला हवेत.