पोंभुर्ले ते मालवण, मुंबईमार्गे

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार मंडळी जमतात. १८३२ साली याच तारखेला, शुक्रवारी, मुंबईत ‘दर्पण’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर या गावचे. मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून त्यांच्या पुतळ्याला हार पडतो, आणि तो मान त्यांचाच आहे. तरी जुनी कागदपत्रे आणि साल-तारखा जुळवीत गेले की वेगळेच चित्र पुढे येते. ‘दर्पण’ साडेआठ वर्षांच्या आसपास चालले आणि १८४०च्या मध्यावर थांबले. बाळशास्त्रींचा वर्ग मात्र त्यांच्या पश्चात पाऊणशे वर्षे चालू होता. तो कुठे आणि कसा चालू होता, हे इथे मांडायचे आहे.

आधी साधनांविषयी. बाळशास्त्रींनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे लेख, पत्रे आणि त्यांच्यासंबंधीचे सरकारी कागद गणेश गंगाधर जांभेकर यांनी गोळा केले आणि १९५० मध्ये पुण्यातून तीन खंडांत छापले. हे काम झाले नसते तर आज आपल्या हाती दंतकथाच उरल्या असत्या. जन्मतारखेबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. १८१२ हे वर्ष सर्वांत रूढ आहे, तेच इथे धरले आहे. जुने कागद पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांत देवगड-मालवणचा माणूस रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली सापडतो.

वडील गंगाधरशास्त्री पुराणिक. संस्कृत घरातच झाले. पुढे मुलगा मुंबईला सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे गेला. ‘बाळमित्र’ आणि इसापनीती मराठीत आणणारे हे बापू छत्रे, मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी. पोंभुर्ल्याचा मुलगा त्यांच्या देखरेखीखाली इंग्रजी शिकला आणि विशीत असतानाच त्याच सेक्रेटरीच्या जागेवर बसला. मधल्या काळात अक्कलकोटच्या युवराजाचे शिक्षक म्हणूनही बाळशास्त्रींनी काम केले. १८३४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. वय बावीसच्या आसपास.

ते काय शिकवीत, याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्यांची पुस्तके. बालव्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा, आणि ‘शून्यलब्धि’. हे शेवटचे नाव वाचताना माझा हात दरवेळी थांबतो. आपण ज्याला डिफरन्शियल कॅल्क्युलस म्हणतो, त्याला त्यांनी मराठीत हे नाव दिले. शाळांत अजून पुरती मराठी क्रमिक पुस्तके नव्हती, गद्याचे वळणही पुरते बसले नव्हते, त्या काळात कलनशास्त्र मराठी मुलाला मराठीत सांगता येईल, या भरवशावर एक माणूस पुस्तक लिहीत होता. मे १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. विज्ञान, भूगोल, इतिहास हे त्यातले विषय. वर्गात जे सांगायचे तेच वर्गाबाहेरच्या वाचकाला सांगण्याची ही सोय होती. शाळा-तपासनिसाचे काम, कुलाबा वेधशाळेची जबाबदारी, शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल क्लास, ताम्रपट आणि शिलालेखांवरचे निबंध, १८४५ मधली शिळाप्रेसवरची ज्ञानेश्वरी, हे सारे बारा वर्षांत झाले. मे १८४६ मध्ये ते गेले तेव्हा वय चौतीसच्या घरात होते.

आता शिष्यांकडे वळू. इथे सावध राहावे लागते, कारण ‘शिष्य’ हा शब्द चरित्रांत फार सैल हाताने वापरला जातो. म्हणून मी तारखांची फूटपट्टी लावली. बाळशास्त्री संस्थेत १८३४ ते १८४६. दादाभाई नवरोजी यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. १८४० नंतरची काही वर्षे ते एल्फिन्स्टनमध्ये शिकत होते. मेळ बसतो, आणि दादाभाईंच्या शिक्षकांत बाळशास्त्रींचे नाव येतेही. तेरेखोलच्या खाडीपलीकडच्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड याच संस्थेचे. गुरूप्रमाणे तेही पुढे शिलालेखांकडे वळले. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केले. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे बाळशास्त्री आणि एल्फिन्स्टनमधलेच प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली गणित व ज्योतिष शिकले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवले ते याच केरूनानांनी. टिळकांच्या ज्योतिषाच्या ओढीचे मूळ शोधणाऱ्याने ‘शून्यलब्धि’च्या कर्त्यापर्यंत मागे जायला हरकत नाही. मात्र ही दोन पिढ्यांआडची वाट आहे, आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

माझा खरा रस दादाभाईंकडून निघालेल्या धाग्यात आहे. १८५० मध्ये दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी ज्या हुद्द्यावर बाळशास्त्री आले होते त्याच हुद्द्यावर. पुढे ते गणित व पदार्थविज्ञानाचे पूर्ण प्रोफेसर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १८४९ मध्ये त्यांनी आणि सोबत्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. तिथे तरुण शिक्षक सकाळी विनावेतन शिकवीत. जून १८५५ मध्ये दादाभाई व्यापाराच्या निमित्ताने इंग्लंडला निघाले.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८५३ मध्ये, रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेतून एक सोळा वर्षांचा मुलगा एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला होता. नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७. वडील सरकारी कारकून. १८४७ मध्ये बदली होऊन कुटुंब रत्नागिरीला आले, म्हणून इंग्रजी शाळा मिळाली. एका कारकुनाची बदली झाली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. मालवणच्या माणसाला तो विचारल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत दादाभाईंच्या वर्गात भांडारकर बसले. अवधी जेमतेम दोन वर्षांचा. पण त्यातून पोंभुर्ल्याचा धागा मुंबईला वळसा घालून पुन्हा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागला. पोंभुर्ले आणि मालवण, दोन्ही एकाच किनारपट्टीतली गावे.

पुढचे पुष्कळांना माहीत आहे, तरी शिक्षक भांडारकरांविषयी थोडे थांबून सांगतो. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, त्यात ते उत्तीर्ण. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चौघे: न्यायमूर्ती होणारे महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि भांडारकर. संस्कृतचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी कॉलेजात आल्यावर धरला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पाठशाळेतल्या मुलाने लहानपणी मुखोद्गत केलेले व्याकरण त्यांनी जाणत्या वयात, कळून घेत आत्मसात केले. म्हणून नवशिक्याला नेमके कुठे अडते, हे त्यांना ठाऊक होते. १८६४ मध्ये सिंधमधल्या हैदराबादच्या शाळेत हेडमास्तर असताना त्यांचे संस्कृतचे पहिले पुस्तक, ‘मार्गोपदेशिका’, आले. दुसरे १८६८ मध्ये. थोडे नियम, मग संस्कृत वाक्ये, मग उलट भाषांतराला इंग्रजी वाक्ये, शेवटी शब्दांचा कोश. सगळे व्याकरण एकदम अंगावर न टाकता धड्याधड्याने पुढे नेणारी ही रचना. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या मुले त्या पुस्तकांवर संस्कृत शिकली.

रत्नागिरीच्या ज्या शाळेत ते शिकले, तिथेच १८६५ नंतर काही वर्षे ते हेडमास्तर होते. मग एल्फिन्स्टन, डेक्कन कॉलेज, १८९३ ते १८९५ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद. बाळशास्त्रींनी ‘दर्पण’मध्ये विधवाविवाहाचा प्रश्न मांडला होता, भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्याच विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला. हा सरळ गुरुशिष्यसंबंधाचा पुरावा मी म्हणणार नाही. पण ज्या एल्फिन्स्टनच्या वातावरणात हा विचार बोलता येऊ लागला, ते घडवणाऱ्या पहिल्या हातांत बाळशास्त्रींचे हात होते, एवढे म्हणायला कागद पुरेसे आहेत.

६ जुलै १९१७ रोजी भांडारकर ऐंशी वर्षांचे झाले. त्या दिवशी शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था उभी केली, आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथेच निघाली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ पर्यंत चालले. भांडारकर २४ ऑगस्ट १९२५ रोजी वारले.

बाळशास्त्री आणि भांडारकर यांची भेट कधीच झाली नाही. बाळशास्त्री गेले तेव्हा मालवणचा रामकृष्ण आठ वर्षांचा होता आणि त्याने इंग्रजी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. ‘दर्पण’कार म्हणून बाळशास्त्रींचा मान कुणी कमी करू नये. पण माझ्या मते ते आधी मास्तर होते आणि ‘दर्पण’ हा त्यांच्या वर्गाचाच एक भाग होता. म्हणून देवगड-मालवणच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ६ जानेवारीला पत्रकारांसोबत तुम्हीही पोंभुर्ल्याला जा, आणि जाताना सातवी-आठवीची मुले बरोबर न्या.